खाडीवरचं पितळी दार

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका, ज्यांनी वर्षं मोजली तेही गेले आणि त्यांची बोटंही गेली. लहानांनी पुढं सरकून बसा, मोठ्यांनी मागं बसा, आणि मध्येच "प्राणी कधी बोलणार?" असं कुणी विचारायचं नाही. या गोष्टीत खेकडे आहेत, पण ते बोलत नाहीत, चावतात.

तर समुद्राकाठी एक राज्य होतं. त्या राज्याची निम्मी शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोल होती. विचार करा जरा! माणूस शेतात उभा राहून भात लावतोय आणि पलीकडे, त्याच्या डोक्यापेक्षा उंच, समुद्र उभा आहे. मध्ये फक्त मातीचा एक बांध. मी ते पाहिलं नाही, पण ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या बांधात एक लाकडी दार होतं. त्याला लोक उघाडी म्हणत. ते वरून टांगलेलं असे. भरती आली की समुद्राच्या रेट्यानं ते मिटे आणि खारं पाणी बाहेर राही. ओहोटी लागली की आत साठलेल्या पावसाच्या पाण्यानं ते ढकललं जाई आणि पाणी खाडीत निघून जाई. बस्स, एवढंच. पण एवढ्यावर चाळीस गावं पोटभर जेवत होती.

लाकूड म्हटलं की कीड आली, कालवं चिकटली, फटी पडल्या. म्हणून वर्षातून एकदा, भात कापून झालं की उघाडी काढून बांधावर आडवी ठेवत. त्या दिवशी सगळ्यांनी यायचं. कुंभारानं यायचं, न्हाव्यानं यायचं, माहेरी आलेल्या लेकींनी यायचं, वाटसरूनंसुद्धा थांबायचं. उघाडीचा सांधा न् सांधा सुटा करून सगळ्यांपुढं मांडायचा. आणि एक रीत फार कडक होती. ज्याला काही नवं सुचेल त्यानं बांधावर उभं राहून ते तीनदा मोठ्यानं सांगायचं. मनात ठेवायचं नाही. ज्यानं ऐकलं त्यानं घरी जाऊन सांगायचं.

खालच्या उंबऱ्याला गोल ओठ ठेवायचा हे एका कुंभाराला सुचलं होतं. फटीत भरायच्या काथ्याला पीळ उलटा द्यायचा हे नव्यानं सासरी आलेल्या एका पोरीला सुचलं, आणि सासूच्या देखत तिनं ते तीनदा ओरडून सांगितलं! शेजारच्या राज्याचे लोकही होड्यांतून येत, बघत, आपल्या खाडीवर तशीच उघाडी करत आणि पुढच्या वर्षी येऊन म्हणत, "आम्ही बिजागरीपाशी एवढा फरक केला, बरा चालतोय, तुम्हीही करून बघा."

उघाडीची राखण आवडाबाईकडे होती. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ बाई. उघाडीला लागूनच राजाचा बियाण्याचा मळा होता, तोही तीच सांभाळायची. साऱ्या राज्याच्या पेरणीचं बी त्या एका मळ्यातून जाई. भाताचे सात वाण होते. सातवा मोगरसाळ, तो या मळ्याबाहेर कुठं रुजतच नसे. तो शिजला की तीन घरं पलीकडे कळे, आणि रुसलेली माणसं आपण होऊन पाटावर येऊन बसत. त्या मळ्यात एकदा का खारं पाणी भरलं, की तीन वर्षं गवतसुद्धा उगवणार नाही आणि पेरायला बी उरणार नाही. आवडाबाईला दुसरी कसली भीती नव्हती, पण ही होती.

एके वर्षी एक परदेशी कारागीर आला. सोबत बारा बैलगाड्या, आणि त्यांवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं बांधावर कापड सोडलं मात्र, चाळीस गावांनी एकदम तोंडात बोटं घातली.

पितळेचं दार! दोन पुरुष उंच. त्यावर कोरलेले मासे, माशांचे खवले मोजून घ्यावेत इतके नीट. वर एक बंद पेटी, पेटीतून बाहेर आलेले दोन दांडे आणि एक घंटा. भरतीला दोन पळं उरली की घंटा आपोआप वाजे, दांडे आपोआप फिरत आणि दार मिटे. ओहोटी लागली की पुन्हा घंटा, पुन्हा दार उघडं. कुणी हात लावायचा नाही, काही नाही. भरती रोज दोन घटका उशिरा येते, हे त्या पेटीला ठाऊक होतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण ठाऊक होतं. लोक तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मी असतो तर मीही जोडले असते. माणसाच्या हातून असं काही घडतं याचं नवल वाटू नये, इतका कोरडा माणूस कशाला व्हावं?

राजा तर बघतच राहिला. "दिवाणजी, हे आपल्याला हवं," तो म्हणाला.

दिवाण हुशार होता, काटेकोर होता. त्यानं पितळ वजन करून घेतलं. घासून पाहिलं. खिळे मोजले. घंटेचा नाद तीनदा ऐकला. मग कारागिरानं आपल्या अटींचा ताम्रपट पुढं केला.

ताम्रपटावर लिहिलं होतं: दार राजाचं, पेटीच्या आतलं कारागिराचं. पेटी कुणी उघडणार नाही. आत काय आहे हे कुणी विचारणार नाही, कुणाला दाखवणार नाही, तसं दुसरं करणार नाही. बिघडलं तर फक्त कारागिराला बोलवावं.

गर्दीतून आवडाबाई पुढं आली. "महाराज, एक विचारू?"

"विचार की."

"आत काय आहे?"

कारागीर हसला. "बाई, तेवढं सोडून काहीही विचारा."

"मग हे कसलं घेणं?" आवडाबाई राजाकडे वळली. "बाजारात साधं मडकं घेतलं तरी आपण वाजवून घेतो. म्हैस घेताना दात बघतो, दूध काढून बघतो. ही तर पाण्यातली म्हैस आणि काठावर तिचं मोल चाललंय."

दिवाणाला ते झोंबलं. "बाई, म्हैस आणि यंत्र यांत फरक असतो."

"आहे ना दिवाणजी. म्हैस आजारी पडली तर तिला आपला हात लागतो."

लोक हसले. राजाही हसला. पण त्याची नजर पितळी माशांवरून हलत नव्हती. त्यानं ताम्रपटावर शिक्का उठवला आणि राजाचा शब्द दिला. त्या संध्याकाळी गावजेवण झालं आणि जुनी लाकडी उघाडी फोडून त्याच जेवणाच्या चुलाण्यात घातली. आवडाबाई जेवायला बसली नाही.

सात वर्षं दार झकास चाललं, हे मी कबूल करतो. चिखलात उतरणं संपलं. उघाडीचा दिवस बंद पडला, कारण सुटं करायचं काय आणि सांगायचं काय? दर वर्षी कारागीर येई, पेटीभोवती पडदा लावी, आत तासभर काहीतरी खुडबुड करी, पाहुणचार घेई आणि जाई. लोक पडद्याबाहेर चपला काढून उभे राहत.

आठव्या वर्षी आषाढात मोठं वादळ झालं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा होता, तो वाहून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण दांडा गेल्यामुळं भरतीचं पाणी आता अर्धी घटका आधीच आत येऊ लागलं.

आणि पितळी दार? ते आपल्या जुन्या वेळेलाच मिटत होतं. ते पाण्याकडे बघतच नव्हतं हो! ते नुसत्या घटका मोजत होतं.

श्रावणात आवडाबाईनं मळ्याच्या पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. तशीच ती दिवाणाकडे गेली.

"पाट खारट झालाय, दिवाणजी. दार उशिरा मिटतंय."

"अशक्य. ते कधी चुकत नाही."

"मग समुद्र चुकत असेल, त्याला समज द्या."

दिवाण ऐकेना, तशी तिनं राजालाच बांधावर आणलं. समुद्र आत शिरला, पाट भरून उलटा वाहू लागला, खेकडेसुद्धा आत येऊन चालायला लागले. मग घंटा वाजली आणि दार थाटात मिटलं. राजानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचा चेहरा उतरला.

"पेटी उघडूया महाराज," आवडाबाई म्हणाली. "आपल्याकडे शहाण्या हातांना तोटा नाही."

"आम्ही शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात. खारं पाणी माझं भात पितंय."

राजाला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण राजाचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं कारागिराकडे जासूद धाडला. जायला दहा दिवस, यायला दहा दिवस. तोवर काय करणार? दार दोरखंडानं कायमचं बंद करावं तर आत पावसाचं पाणी तुंबून भात कुजणार. सताड उघडं ठेवावं तर समुद्र आत. आवडाबाई आणि गावच्या बाया रोज दोन वेळा पाटात मातीचा आडवा बांध घालत आणि ओहोटीला तो फोडत. लहान भरतीला एवढं पुरे. पण भाद्रपदातल्या अमावस्येचं उधाण तोंडावर आलं होतं, आणि त्या पाण्यापुढं ओंजळभर मातीचं काय चालणार? भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या.

अमावस्येच्या आदल्या दुपारी कारागीर पोचला. सात वर्षांत तो म्हातारा झाला होता. सगळं गाव बांधावर जमलं. तो पडदा लावायला लागला तशी आवडाबाईनं पडदा ओढून घेतला.

"आज नको. आज सगळ्यांपुढं."

कारागिरानं राजाकडे पाहिलं. राजानं मान डोलावली. म्हाताऱ्यानं आपली मोहोर फोडली आणि पेटी उघडली.

आत आणखी एक पेटी होती. लहान, काळ्या लोखंडाची. तिच्यावरही मोहोर होती, पण ती कारागिराची नव्हती. कारागीर राजाकडे वळला.

"महाराज, हे मी केलेलं नाही."

"म्हणजे?"

"दार माझं. मासे माझे. घंटा माझी. आतलं काळीज मी सात डोंगरांपलीकडच्या एका माणसाकडून घेतलं. त्याच्या अटी याच होत्या. उघडायचं नाही, विचारायचं नाही. तो वारला. त्याला मूल ना शिष्य."

दिवाणानंच विचारलं. "मग दर वर्षी पडद्याआड काय करत होतात तुम्ही?"

"तेल घालत होतो," कारागीर म्हणाला.

राजानं स्वतः ती काळी मोहोर फोडली. आत चाकं होती. नखाएवढी, कवडीएवढी, तळहाताएवढी, एकात एक गुंतलेली, शेकडो. कुठं एक दाता कमी, कुठं एक जास्त, आणि सगळी मिळून चंद्राचा हिशेब ठेवत फिरत होती. लोक पुढं झुकून बघू लागले. केवढी बुद्धी! आणि ती बुद्धी कुणाला सांगितलेलीच नव्हती. कोणतं चाक कशासाठी फिरतं हे जाणणारा माणूस आता अवघ्या पृथ्वीवर एकही उरला नव्हता. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आवडाबाईनं पदर खोचला. बांधावर चढली आणि ओरडली, "उघाडी कुणाकुणाला आठवते?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. अख्खी उघाडी कुणालाच आठवेना, आवडाबाईलासुद्धा नाही. पण कुंभाराचा नातू पुढं आला. "उंबऱ्याचा ओठ मला येतो, आजा रोज सांगायचा." एक म्हातारी म्हणाली, "काथ्याचा पीळ माझाच. अजून हातात आहे." न्हाव्याला फळ्यांची जोड आठवत होती. एका धनगराला, जो एकदाच तिथून मेंढ्या घेऊन गेला होता, दाराचा कल आठवत होता. जो तो बांधावर चढून आपला तुकडा सांगू लागला. राजा ऐकत राहिला. एवढं सगळं आपल्या राज्यात कुणाच्या ना कुणाच्या घरात जपलेलं होतं, आणि आपण ते कधी विचारलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

एकच गोष्ट कुणालाच आठवेना. बिजागरी.

"पलीकडच्या राज्यात होडी पाठवा," आवडाबाई म्हणाली.

राजा संकोचला. "शेजाऱ्याकडे हात पसरायचा?"

"हात कसला पसरायचा महाराज? त्यांची उघाडी म्हणजे आपलीच की. आपल्या बांधावर ऐकून केलेली. आपण दिलेलं आपण विसरलो, ते विसरले नसतील."

पहाटे ओहोटी लागली. दुपारी उधाण. मधला वेळ तेवढा हातात होता. वाळलेलं लाकूड नव्हतं, तर राजानं स्वतःची शाही नौका फोडायला दिली. रेडे जुंपून पितळी दार ओढून काढलं. आणि सूर्य वर येतो न येतो तोच पलीकडून अकरा होड्या आल्या. त्यांचा मुखिया चिखलात उडी टाकतच म्हणाला, "बिजागरी ना? सात वर्षांत आम्ही ती चारदा सुधारली. दर वर्षी तुम्हाला सांगायला येत होतो, पण तुमच्याकडं सांगायचा दिवसच उरला नव्हता!"

मग कामाला काय वेग आला म्हणून सांगू! राजा कमरेइतक्या चिखलात फळी धरून उभा. दिवाण काथ्या वळतोय, पीळ चुकतोय आणि म्हातारीच्या शिव्या खातोय. कारागीर पितळी दाराचे कानकोपरे वितळवून बिजागऱ्या ओततोय. ओतता ओतता तो थांबला, उभा राहिला, आणि पितळ चिरू नये म्हणून त्यात काय मिसळायचं, किती मिसळायचं, हे त्यानं तीनदा मोठ्यानं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. सांगून झाल्यावर तो रडला, आणि पुन्हा भात्याशी बसला.

दुपारी शेवटची खुंटी ठोकली तेव्हा पाणी घोट्याला लागलं होतं. सगळे बांधावर चढले.

मग उधाण आलं. अमावस्येचं उधाण ज्यानं पाहिलंय त्याला काय सांगायचं, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला तरी काय सांगायचं? सगळी खाडी फुगून उठली. पाणी चढत चढत डोळ्यांसमोर आलं. पाण्याचा लोट दारावर आदळला, बांध पायाखाली हादरला, बायांनी एकमेकींचे हात धरले. आणि ते लाकडी दार, घंटा नाही, चाकं नाही, हळूच मागं सरकून उंबऱ्याच्या ओठावर जाऊन टेकलं. समुद्र जितका जोर लावी तितकं ते घट्ट बसे. पलीकडे डोक्यापेक्षा उंच पाणी, अलीकडे कोरडा पाट. राजानं हात जोडले. आदल्या दिवशी ज्यांनी ज्यांनी आपला तुकडा सांगितला होता, त्या सगळ्यांच्या पायांकडे बघून जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवडाबाईबरोबर मळ्यात गेला. सहा वाण उभे होते. टोकं जरा पिवळी पडली होती, पण उभे होते. दाराला अगदी लागून असलेल्या वाफ्यापाशी आवडाबाई थांबली. तिथलं भात मुळापासून काळं पडलं होतं. उधाणानं नाही, त्याआधीच्या दोन महिन्यांच्या खाऱ्या पाण्यानं.

"हा कुठला?" राजानं विचारलं.

"मोगरसाळ."

"पुढच्या वर्षी पेरू."

"काय पेरणार महाराज? बी इथंच होतं."

राजा त्या वाफ्यात खाली बसला. उठल्यावर त्यानं ताम्रपट मागवला, पालथा केला आणि मागच्या बाजूला नवा कायदा कोरून घेतला: या राज्याच्या नावानं जे जे विकत घ्यायचं, ते उघडून पाहण्याचा, शिकण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि दुसऱ्याला शिकवण्याचा हक्क आधी घ्यायचा, वस्तू मग. हा हक्क जो देणार नाही त्याची वस्तू सोन्याची असली तरी तिला वेशीवरूनच नमस्कार करायचा.

त्या राज्यात पुढं पुष्कळ पिकलं, सहाही वाण पिकले, आणि कुणी उपाशी झोपलं नाही. पण मोगरसाळीचा वास कसा होता ते आज कुणालाही सांगता येत नाही, मलासुद्धा नाही.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे उघडून पाहता येत नाही आणि आपल्या हातानं दुरुस्त करता येत नाही, ते कितीही मोल देऊन घेतलं तरी आपलं होत नाही.